गायाच्या पराशयावरून एम६७ चं अंतर जास्त का येतं?

कर्कवाला_नागपूर
आमच्या नागपूरच्या खगोल मंडळाच्या भित्तीफलकासाठी एम६७ या कर्क राशीतल्या तारकागुच्छाचं अंतर काढून राहिलो. गाया उपग्रहाच्या डीआर३ (तिसऱ्या माहितीसंचा) मधून केंद्राभोवतीचे २० व्या प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) तारे घेतले. प्रत्येकाच्या पराशयाने (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकलेला दिसतो तो कोन, आर्कसेकंदांत) १ ला भागलं आणि आलेल्या अंतरांची सरासरी घेतली. उणे पराशयवाले वगळले. उत्तर ८५० पार्सेकच्या (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) आसपास यायला हवं, पण बरंच जास्त येतं. त्रुटी दोन्ही बाजूंना सारख्याच असतात ना? मग सरासरीत कटून का जात नाहीत?

त्रिकोणमिती
सारख्या असतात त्या पराशयात, भाऊ. अंतरात नाही. २० व्या प्रतीला गायाची अनिश्चितता साधारण ०.५ मिलीआर्कसेकंद (आर्कसेकंदाचा हजारावा भाग) असते. पराशय १.१५ धरला तर अंतर ८७० पार्सेक. तोच १.६५ मोजला गेला तर ६०६, आणि ०.६५ मोजला गेला तर १५३८. एकीकडे २६४ चा फरक, दुसरीकडे ६६८ चा. तारे कितीही वाढवा, सरासरी वरच ओढली जाणार. त्यात एखाद्याचा पराशय ०.०२ निघाला की तो एकटाच ५०,००० पार्सेक घेऊन बसतो.

उणे पराशय म्हणजे मापन फसलं असं नाही. लहान पराशय आणि मोठी त्रुटी असली की काही आकडे शून्याखाली जाणारच. ते काढून टाकले की उरलेल्या पराशयांची सरासरी फुगते. ‘पराशय भागिले त्रुटी ५ पेक्षा जास्त’ ही लोकप्रिय चाळणीही तेच करते, फक्त सभ्यपणे.

गुच्छाचे सभासद निजगतीवरून (तारा आकाशात दरवर्षी किती सरकतो त्यावरून) निवडा: विषुवांशात (आकाशातल्या रेखांशात) सुमारे −१०.९७, क्रांतीत (अक्षांशात) −२.९ मिलीआर्कसेकंद प्रतिवर्षी, त्याभोवती १ ची मर्यादा. तुमच्या यादीत मागचे दूरचे तारे घुसले असणार, तेही अंतर वाढवतात. आरयूडब्ल्यूई (मोजणी एकट्या ताऱ्याशी किती जुळते ते सांगणारा गायाच्या नोंदीतला आकडा) १.४ च्या वर असेल तो तारा सोडा, बहुधा जोडतारा असतो. प्रत १७ पर्यंतच थांबा, तिथे त्रुटी ०.०७ च्या आसपास असते. मग पराशयांची सरासरी काढा, वजन १/त्रुटी², आणि भागाकार शेवटी एकदाच.

कर्कवाला_नागपूर
केलं. १.१५ ± ०.००४ आलं. फलकावर ८७० ± ३ पार्सेक लिहू का?

शून्यबिंदू
नका लिहू. ०.००४ ही फक्त यादृच्छिक त्रुटी, ती ताऱ्यांच्या संख्येने घटते. गायाचे पराशय मुळातच थोडे कमी येतात. क्वासार इतके दूर असतात की त्यांचा पराशय शून्यच यायला हवा; त्यांच्यावरून हा शून्यबिंदू (सरसकट चूक) सुमारे −०.०१७ दिसला, आणि ताऱ्याची प्रत, रंग व आकाशातली जागा यांनुसार तो बदलतो. तुमच्या ताऱ्यांसाठी ०.०३५ मिळवा असं निघालं, तर पराशय १.१८५ आणि अंतर ८४४. २६ पार्सेकचा फरक, तुमच्या ± ३ च्या आठपटीहून जास्त! दुरुस्तीनंतरही ०.०१ च्या आसपासची शंका उरते, म्हणजे ± ७. प्रकाशवर्षांत ‘सुमारे २,७५० ± ३०’ पुरे.

कृत्तिका गुच्छाचं हेच झालं, सांगितलेली त्रुटी लहान पण चूक मोठी. गायाच्या आधीच्या हिप्पार्कस उपग्रहाने सुधारित गणनेतही १२० पार्सेक दिले, त्रुटी जेमतेम २. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने २०१४ मध्ये १३६.२ ± १.२ मोजलं, आणि गायाही १३६ च्याच जवळ आहे.

धूळ_आणि_प्रत
पडताळा स्वतःच्या दुर्बिणीने घ्या: ताऱ्यांची तेजस्विता मोजून त्यावरून अंतर काढा. मार्चच्या संध्याकाळी एम६७ नागपुरात मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर) खमध्यापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम ९ अंशांवर असतो, त्यामुळे वातावरणाची दुरुस्ती सोपी. एप्रिलमध्ये कॅमेरा तापतो, मग डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली छायाचित्रं) त्याच तापमानाला घ्या, आधीच्या महिन्याच्या चालणार नाहीत.

प्रतीत ०.१ चुकलं की अंतर सुमारे ५ टक्के चुकतं. एम६७ कडे धूळ कमी आहे, दृश्य प्रकाशात शोषण साधारण ०.१२ प्रत, तेवढं विसरलात तरी गुच्छ जवळपास ६ टक्के दूर जातो. रंग आणि प्रत यांच्या आलेखात बहुतेक ताऱ्यांचा जो पट्टा दिसतो त्या मुख्य अनुक्रमावर रेषा बसवताना ती पट्ट्याच्या मध्यातून नेऊ नका, खालच्या कडेला धरा. सारख्या ताऱ्यांची जोडी ०.७५ प्रत तेजस्वी दिसते, आणि एम६७ मध्ये जोड्या भरपूर आहेत. मध्यातून नेली तर गुच्छ उगाच जवळ येईल.