क्षमा मागायला आलेल्या आजींना काय उत्तर द्यायचं?

सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६, सकाळी

सर्वांना नमस्कार,

काल संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी बेल वाजवली. हातात ब्लिनीची, म्हणजे इथल्या पातळ धिरड्यांची ताटली, वर दुसरी ताटली उपडी घातलेली. ताटली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, 'प्रस्ती मेन्या', मला माफ कर. मला वाटलं, पाणीबिणी गळलं की काय! मी नुसतीच 'निच्येवो, निच्येवो', काही नाही, काही नाही, म्हणत राहिले. त्या जरा वेळ थांबल्या, हसल्या आणि गेल्या. तेव्हापासून चुटपुट लागली आहे. मॉस्कोत माझी ही पहिलीच थंडी. मी काय म्हणायला हवं होतं? आणि ताटली रिकामी कशी परत करू? पुरणपोळी करून नेऊ का?

सोमवार, दुपारी

अगं, पाणी कुठेही गळलेलं नाही. काल मास्लेनित्सा या आठवडाभराच्या सणाचा शेवटचा दिवस, क्षमेचा रविवार होता. आजपासून ईस्टरपर्यंत मोठा उपवास. तो धरण्याआधी माणसं घरच्यांची, शेजाऱ्यांची क्षमा मागतात. चूक आठवायलाच हवी असं नाही. कळत-नकळत दुखावलं असेल तर, एवढाच भाव. उत्तर ठरलेलं आहे: 'बोग प्रस्तीत', देव क्षमा करील. आणि लगेच आपणही मागायची: 'इ वी मेन्या प्रस्तीत्ये', तुम्हीही मला माफ करा. हे तुझं राहिलं. आज सुट्टीच आहे, जाऊन म्हणून ये. एका दिवसाच्या उशिराचं आजी मनावर घेणार नाहीत.

मास्लेनित्साला आपल्यातले बरेच जण रशियन होळी म्हणतात. थंडीला निरोप देताना गवताची बाहुली जाळतात, तेवढं जुळतं. मला मात्र त्यातली नाती जास्त आपली वाटतात. जुन्या रीतीप्रमाणे बुधवारी सासू जावयाला ब्लिनी खायला बोलावते, शुक्रवारी जावई सासूला, शनिवारी सून नणंदांना. नणंदेला इथे स्वतंत्र शब्द आहे, 'झलोव्का'. दीर म्हणजे 'द्येविर', सून म्हणजे 'स्नाखा'. हे दोन तर संस्कृतातल्या देवृ आणि स्नुषा यांचे सख्खे भाऊबंद. तीस वर्षांपूर्वी हे शब्द कानावर पडले आणि माझी या भाषेची भीती निम्मी झाली.

पुरणपोळी नको. आता सात आठवडे, १२ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत, उपवास करणाऱ्यांना मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं बंद. मास्लेनित्साच्या आठवड्यात फक्त मांस वर्ज्य असतं, म्हणून तर लोणी माखलेल्या ब्लिनी. आणि तुपावाचून पुरणपोळी कुणापुढे ठेवायला माझं मन धजत नाही. शेंगदाण्याची चिक्की कर. गूळ नसला तर साखरेची चालेल, पण ताटाला तूप लावू नकोस, तेलाचा हात फिरव. फुलं नेलीस तर विषम संख्येत ने, सम फुलं इथे अंत्यविधीला नेतात.

होळीच्या जेवणाची तयारी करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. मास्लेनित्सा ईस्टरप्रमाणे सरकते: २०२४ मध्ये ११ ते १७ मार्च, गेल्या वर्षी २४ फेब्रुवारी ते २ मार्च. यंदा आपली होळी त्यांच्या उपवासात येते आहे. बोलावलेल्या शेजाऱ्यांसाठी बटाट्याची भाजी आणि कटाची आमटी तेलाच्या फोडणीची, वेगळ्या पातेल्यात ठेवा. त्यांना प्रत्येक पदार्थाबद्दल विचारत बसावं लागू नये.

मंगळवार, २४ फेब्रुवारी, रात्री

काकू, काल संध्याकाळीच जाऊन आले. जिना चढता-उतरता दोन्ही वाक्यं घोकली होती, तरी दारात उभी राहिले आणि आवाज कापला. आजींनी माझे दोन्ही हात धरले आणि 'बोग प्रस्तीत' म्हणाल्या. मग चिक्कीचा तुकडा उजेडात धरून विचारलं, 'मास्लो?' मी म्हटलं, लोणी नाही, सूर्यफुलाचं तेल. तेव्हा कुठे तो तोंडात टाकला. साखर न घातलेला चहा आणि त्याबरोबर चेरीचं वारेन्ये, म्हणजे मुरांबा. तासभर बसले. येताना ताटली पुन्हा माझ्याच हातात दिली, या खेपेला शेपू घातलेल्या खारवलेल्या काकड्या आहेत.