मदत हवी आहे: गावात एकच लॅपटॉप, सगळ्यांचे फॉर्म त्याच्यावर. कुकीज कशा आवरायच्या?

संत्रामळा:

नमस्कार मंडळी,

वरुड तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. आमच्या महिला बचत गटाचा एक लॅपटॉप आहे, तो मी सांभाळते. दिवसभर लोक येतात. कुणाला सातबारा काढायचा असतो, कुणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असतो, पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म असतात. ब्राउझर क्रोम. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यामुळे रेंज कधी असते, कधी नसते.

परवा एका काकाजींचा अर्ज एका पोर्टलवर भरून झाला. लॉगआउट दाबलं आणि तेवढ्यात रेंज गेली. पान नुसतं फिरत राहिलं. काकाजी घरी गेले. रेंज आल्यावर पुढच्या ताईंसाठी तेच पोर्टल उघडलं, तर वर काकाजींचंच नाव आणि खाली त्यांचा खाते क्रमांक, गट नंबर, सगळं उघडं. ताई भल्या, त्यांनी लगेच मान वळवली. पण धुऱ्यावरून भांडणं चाललेली गावं आपली. त्या खुर्चीवर भावकीतलाच कोणी असता तर? लोक विश्वासाने आधार कार्ड हातात देतात हो, म्हणून ही गोष्ट मनाला फार लागली.

कुणीतरी म्हणालं, कुकीज, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखीच्या खुणा, डिलीट करा. केल्या. काकाजींचं खातं बंद झालं, पण गटाचा ईमेल आणि बाकीची खातीही बाहेर पडली. आता परत ओटीपी. तो येतो आमच्या अध्यक्ष ताईंच्या फोनवर, आणि ताई वावरात. म्हणजे दर माणसामागे हे करणं शक्य नाही.

आणखी एक. संत्र्यावरच्या कोळशीसाठी औषध शोधलं की नंतर रेसिपीच्या साइटवरही त्याच औषधाच्या जाहिराती येतात. हे कुकीजमुळेच का? आणि 'सर्व कुकीज स्वीकारा' असं विचारतात तिथे नाही म्हटलं, तर फॉर्म अडतो का?

पऱ्हाटी:

ताई, क्रोमची इन्कॉग्निटो म्हणजे खाजगी विंडो वापरा, विषय संपला. बंद केली की कुकीज जातात.

संत्रामळा:

भाऊ, तेही करून पाहिलं. पण एका इन्कॉग्निटो विंडोत लॉगिन केलं आणि दुसरी इन्कॉग्निटो उघडली, तर तिथेही तेच खातं चालू दिसतं. मग उपयोग काय?

वर्धाकाठ:

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो मिळून कुकीजचा साठा एकच असतो. त्यातली शेवटची विंडो बंद होईपर्यंत तो पुसला जात नाही.

आधी मूळ गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. ब्राउझरने मागितलेलं प्रत्येक पान वेबसाइटसाठी नवंच असतं, मघाचा माणूस हाच हे तिला आपसूक कळत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली. बाजार समितीत आवक नोंदवताना हातात नंबराची चिठ्ठी देतात, तशीच ही. लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक लांबलचक नंबर देते आणि ब्राउझर दर पानाला तो परत दाखवतो. त्यात सहसा पासवर्ड नसतो, पण ज्याच्याकडे तो नंबर त्याला साइट आत घेते. काकाजींचं तेच झालं. लॉगआउटचा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही आणि नंबर लॅपटॉपवर तसाच राहिला.

तुमच्या कामाची गोष्ट ही, की लॉगआउटला रेंज लागते, पण कुकी पुसायला लागत नाही. कुकी तुमच्याच मशीनवर असते. नेट बंद असतानाही ती पुसली, की त्या लॅपटॉपवरून ते खातं पुन्हा लॉगिन केल्याशिवाय उघडत नाही.

म्हणून दोन भाग करा. गटाची खाती क्रोमच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये राहू द्या. गावातल्या लोकांचं काम गेस्ट मोडमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या तात्पुरत्या विंडोत करा: वर उजवीकडे प्रोफाइलच्या गोल चित्रावर क्लिक केलं की गेस्टचा पर्याय दिसतो. माणूस उठला की गेस्टच्या सगळ्या विंडो बंद करायच्या, नुसता टॅब नाही. कुकीज आणि हिस्टरी तिथेच संपते. गटाच्या लॉगिनला धक्का लागत नाही आणि अध्यक्ष ताईंना वावरातून बोलवावं लागत नाही. लॅपटॉपचं झाकण लावणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे, हेही तिथे बसणाऱ्या प्रत्येकीला सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र गेस्ट मोडही पुसत नाही: डाउनलोड झालेल्या फाइल्स. सातबाऱ्याच्या पीडीएफ, आधारचे स्कॅन फोल्डरमध्ये तसेच पडून राहतात. मला विचाराल तर कुकीपेक्षा ही जागा जास्त धोक्याची आहे. प्रिंट काढली की फाइल डिलीट आणि रिसायकल बिनही रिकामा.

जाहिरातींचं म्हणाल, तर हो, बहुतेक वेळा थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे, तिसऱ्याच कंपनीच्या. औषधाच्या साइटवर आणि रेसिपीच्या साइटवर जाहिरात कंपनी एकच असते, तिची कुकी दोन्हीकडे तुम्हाला ओळखते. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून या कुकीज आपणहून अडवतो. फायरफॉक्स या ब्राउझरने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने क्रोममधून त्या काढून टाकू असं २०२० मध्ये जाहीर केलं होतं, २०२४ मध्ये तो बेत सोडला. म्हणून क्रोममध्ये आपणच सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक करायच्या. एखाद्या साइटवर पेमेंटचं पान अडलं, तर तेवढ्या साइटपुरती परवानगी द्या. जाहिराती थांबणार नाहीत, पण पाठलाग बराच कमी होईल.

'स्वीकारा'ला नाही म्हटलं म्हणून सहसा फॉर्म अडत नाही. लॉगिनसाठी लागणाऱ्या आवश्यक कुकीज तरीही चालतात. नकार जातो तो जाहिरात आणि मोजमापाच्या कुकीजना. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि परत घेता यायला हवी, असं म्हटलं आहे.

संत्रामळा:

वर्धाकाठ भाऊ, मनापासून आभार. हॉटस्पॉट मुद्दाम बंद करून पाहिलं. गेस्ट विंडो बंद केली, मग नेट लावून पोर्टल उघडलं, तर सरळ लॉगिनचं पान आलं. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तेव्हा मात्र धस्स झालं, अख्ख्या गावाचे कागद त्यात. आज तेच साफ करते आहे. आता एकच विचारते: लाइट गेली की आम्ही माझ्या मोबाइलवरून काम करतो. फोनच्या क्रोममध्ये गेस्ट दिसत नाही.

वर्धाकाठ:

फोनच्या क्रोममध्ये तो नसतोच. तिथे पऱ्हाटी भाऊंचा इन्कॉग्निटोच वापरा, फक्त दर माणसानंतर सगळे इन्कॉग्निटो टॅब बंद करा. आणि 'पासवर्ड सेव्ह करायचा का' असं विचारलं तर कुठेही, कुणासाठीही, नाहीच म्हणा. सेव्ह केलेला पासवर्ड कुकीपासून वेगळा साठतो, कुकी पुसून तो जात नाही.