सिनेमासारखे गेम्स: एवढं कौतुक खरंच बरोबर आहे का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल पण विचारतोच. दिवाळीत सेकंड हँड पीएस फोर घेतला. कॉलेजनंतर पहिल्यांदाच कन्सोल हातात आला, मधली दहा वर्षं नुसती नोकरी आणि मोबाईलवर क्रिकेट. ज्याला विचारलं त्याने एकच नाव सांगितलं, द लास्ट ऑफ अस, साथीने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत जोएल नावाचा माणूस एली नावाच्या पोरीला घेऊन प्रवास करतो तो गेम. रिमास्टर्ड म्हणजे पीएस फोरसाठी सुधारलेला घेतला, रोज मुलगी झोपल्यावर तासभर असं करत काल संपवला.

गोष्ट जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. सुरुवातीला जोएल स्वतःच्या मुलीला उचलून पळतो आणि पुढे तो सैनिक गोळी घालतो, तिथे मी पॉज करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पण खेळ म्हणून बघितलं तर मी नक्की काय करत होतो? शिडी आण, फळी टाक, कपाटं उघड, कात्री नि चिंध्या गोळा कर, भिंतीमागे बसून क्लिकर, म्हणजे साथीने राक्षस झालेली माणसं, जायची वाट बघ. आणि खरंच काही महत्त्वाचं घडायचं असलं की कटसीन चालू, आपण कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसायचं. याच गोष्टीवर २०२३ मध्ये एचबीओची सिरीज आली, बायकोने पहिल्या सीझनचे नऊ भाग संपवले आणि तीही तेवढीच रडली. मग मला इतके तास घालून तिच्यापेक्षा जास्तीचं काय मिळालं?

गॉड ऑफ वॉर, रेड डेड रिडेम्प्शन टू (रेड डेड टू), असल्या गाजलेल्या गेम्सना सगळीकडे दहापैकी दहा. हे मार्क गेमला आहेत की गोष्टीला? पीएस फाइव्हचे नवे गेम महाग असतात, पुढेमागे अपग्रेड करायचं मनात आहे, म्हणून मनापासून विचारतोय. स्पॉयलर चालतील.

ठाणेकर८८

भाऊ, तुमचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे आणि मला रेड डेड टू बद्दल हेच कित्येक वर्षं वाटतंय. २०१८ ला आला तेव्हा रिलीजच्या दिवशी घेतला होता. ते जग अफाट आहे, घोड्याला खरारा करा, शिकार करा, त्यातला हिरो आर्थर वाटेत जे जनावर बघतो त्याचं चित्र वहीत काढतो, मी कधी कधी नुसती ती वही चाळत बसायचो. पण मिशन चालू झालं की तोच गेम एकदम मास्तर होतो. एका मिशनमध्ये मी डोकं चालवून समोरून न जाता मागच्या बाजूने टेकडीवरून जायला निघालो, तर मिशन फेल. पुन्हा तसंच केलं, पुन्हा फेल. म्हणजे एवढं मोठं मोकळं रान दिलंय आणि महत्त्वाच्या वेळी आखलेल्या पिवळ्या रेषेवरूनच चाला. याला पूर्ण मार्क देणाऱ्यांनी गोष्ट आणि चित्रं बघून मार्क दिलेत असं माझं ठाम मत आहे.

आणि हाफ लाइफ टू २००४ चा आहे, त्यात एकही कटसीन नाही, समोर माणसं बोलत असतात तेव्हाही तुम्ही खोलीत हिंडू शकता, कंट्रोल जवळजवळ कायम तुमच्याकडे. वीस वर्षांपूर्वी जे जमलं होतं ते सोडून सगळे सिनेमाच्या मागे का लागले हे मला अजून कळत नाही. मेटल गिअर सॉलिड फोरमध्ये तर शेवट बघायलाच तासाभरापेक्षा जास्त वेळ जातो, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

गेमर_आई

ठाणेकर, मिशनबद्दल तुम्ही म्हणताय ते मान्य. पण रात्रपाळी, तुम्ही शिडीचं लिहिलंत आणि तिथेच माझं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठवून बघा, अख्ख्या गेममध्ये एक गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा केलीत. भिंतीपाशी जायचं, कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबायचं, जोएल हात जुळवून उभा राहतो, एली पळत येऊन वर चढते आणि शिडी खाली देते. कंटाळा येईपर्यंत करायला लावलंय. मग हिवाळा संपतो, डेव्हिड नावाच्या माणसाने एलीला पकडल्याचा तो भयंकर प्रकार होऊन गेलाय, सॉल्ट लेक सिटीत तुम्ही तेच बटण दाबता आणि एली येतच नाही. जोएल हात जुळवून उभा आणि ती मागे बाकावर हरवल्यासारखी बसलेली. हाक मारावी लागते. मला तिथे पोटात खड्डा पडला, कारण पोरीचं काय झालंय ते कुणी बोलून सांगितलं नाही, माझ्या बोटांना कळलं, सवयीचं बटण दाबलं आणि सवयीचं घडलं नाही. नंतर वर चढल्यावर शिडी देता देता तिला काहीतरी दिसतं, ती शिडी तशीच टाकून पळते, आणि पुढे ते जिराफ. तिथे कठड्यापाशी कितीही वेळ उभं राहा, गेम घाई करत नाही, निघायचं कधी ते तुम्ही ठरवायचं. टीव्हीवर तो सीन किती वेळ चालणार ते दिग्दर्शकाने आधीच ठरवलेलं असतं.

आणि हॉस्पिटल. डॉक्टर हातात स्काल्पेल घेऊन उभा आहे, एलीला त्या ऑपरेशनमधून सोडवायला दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही, पण तुम्ही काही केल्याशिवाय गेम पुढेही सरकत नाही. मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. सिरीजमध्ये जोएल मारतो. इथे मी मारलं. तुमच्या मिसेसना आणि तुम्हाला वेगळं काय मिळालं विचारताय ना, तर हे.

द लास्ट ऑफ असच्या पार्ट टू मधलं गिटारही तसंच. कॉर्ड निवडायची आणि टचपॅडवर बोट फिरवून तारा छेडायच्या, मी तर गोष्ट सोडून अर्धा अर्धा तास वाजवत बसायचे. शेवटी एलीची दोन बोटं गेलेली असतात आणि गेम तीच गिटार पुन्हा तुमच्या हातात देतो. तुम्ही बरोबर वाजवता पण सूर तुटका येतो. मला तो गेम सगळा आवडला नाही, मधला भाग फार लांबलाय, पण त्या एका गोष्टीसाठी मी त्याला कितीही मार्क देईन.

उलट गॉड ऑफ वॉरचं जे कौतुक होतं, सगळा गेम एका सलग शॉटमध्ये, कुठेही कट नाही, ते मला तितकं भावलं नाही. ती सिनेमावाल्यांची हौस आहे, खेळणाऱ्याला त्याने काय मिळतं? फटींतून अंग चोरत जायचं, तेवढ्यात पुढचं लोड होतं. पण फेकलेली कुऱ्हाड त्रिकोण दाबून परत बोलवायची आणि ती तळहातावर आपटली की कंट्रोलर थरथरतो, हे मी तासन् तास नुसतं करू शकते. कौतुक त्याचं व्हायला हवं.

सावंतवाडीचा_पोरगा

ताई, बोटांना कळलं हे एकदम मनातलं लिहिलंत. रात्रपाळीदादा, तुम्ही ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स खेळा, पीएस फोरवर आहे, तीन-चार तासांत संपतो. द लास्ट ऑफ अससारखाच २०१३ चा. कंट्रोलरच्या डाव्या स्टिकवर मोठा भाऊ, उजव्या स्टिकवर धाकटा, आणि प्रत्येकाला एकेक ट्रिगर (मागचं बटण), बस. दोघं बोलतात ती कुठलीच खरी भाषा नाही, तरी सगळं समजतं. आई बुडून गेलेली असते म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो, नदी आली की मोठ्याच्या पाठीवर बसून जातो. शेवटी मोठा जातो. डावा हात रिकामाच राहतो, स्टिक हलवली तरी काही होत नाही. मग धाकटा एकटा पाण्यासमोर येतो आणि पुढे जातच नाही, मला वाटलं गेम हँग झाला. मग सहज मोठ्या भावाचा ट्रिगर दाबला आणि तो पोहायला लागला. माझा मोठा भाऊ तेव्हा नुकताच दुबईला गेला होता, मी तो ट्रिगर किनारा येईपर्यंत सोडला नाही.

आणि हा गेम बनवणारा जोसेफ फारेस मुळात सिनेमाचा दिग्दर्शक. म्हणजे सिनेमातून आलेल्या माणसानेच ही गोष्ट कटसीनमध्ये न सांगता ट्रिगरवर ठेवली.

जाता जाता, आपल्या पुण्यातल्या टीमचा राजी पण बघा, २०२० चा, गेम अवॉर्ड्सला पहिल्या गेमच्या गटात नॉमिनेट झाला होता. मारामारी थोडी कच्ची आहे, पण त्यातल्या राजी नावाच्या मुलीचा हरवलेला भाऊ आणि ते महाल बघून फार आपलं वाटतं.

ठाणेकर८८

गेमर_आई, तुमचं वाचून रेड डेडमधलंच एक आठवलं. सुरुवातीला कर्जवसुलीला एका आजारी शेतकऱ्याकडे जायचं असतं, बटण दाबून त्याला बदडायचं, तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. मी त्यावेळी पटापट दाबून मोकळा झालो होतो. खूप नंतर डॉक्टर आर्थरला टीबी झालाय म्हणून सांगतो तेव्हा तो शेतकरी आठवला आणि माझी बोटंही आठवली. मिशनबद्दलचं माझं मत बदलणार नाही, पण एवढं मात्र देतो.

रात्रपाळी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री चॅप्टर सिलेक्टमधून परत त्या बाकापाशी गेलो. पहिल्या वेळी मी काय केलं माहितीये, एली येईना म्हणून वैतागून बटण चार-पाच वेळा दाबलं, म्हटलं गेम अडकला. यावेळी हाक मारून थांबलो. मग जिराफापाशी दहा मिनिटं तरी उभा होतो, बायको पाणी प्यायला उठली ती पण शेजारी येऊन बसली. निघायचं का विचारलं तर म्हणाली, थांब ना जरा.

ब्रदर्स शनिवारी घेतो. ठाणेकर, रेड डेडची डिस्क अजून असेल तर सांगा, द लास्ट ऑफ अस देऊन एक्स्चेंज करणार होतो पण आता ती ठेवतोय, पैसे देऊन घेईन.