काँटेसा क्लासिक: एसीची वायरिंग नव्याने करताना वीज कुठून घ्यावी?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची काँटेसा क्लासिक आहे. पत्र्याचे आणि रंगाचे काम झाले असून आता जुनी वायरिंग संपूर्ण काढून नवा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) टाकायचा आहे. एसी आधीच्या मालकाने डॅशबोर्डखाली बाहेरून बसवून घेतला होता. त्याची वीज थेट इग्निशन स्विचच्या मागून घेतलेली आढळली आणि त्या जोडाजवळचे आवरण कडक होऊन काळे पडले आहे. गाडी उघडण्यापूर्वी रात्री एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की हेडलाइट पिवळे पडत आणि कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा विजेवरचा क्लच मधूनच सुटत असे. आमच्या वायरमनचे म्हणणे असे की, पूर्वी सगळीकडे असेच करत, आपण फक्त वायर जाड टाकू. ते मला पटलेले नाही. पण बोनेट उघडल्यावर नव्या रिलेंची (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचांची) रांग दिसावी, असेही मला वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बोनेटखालचा:
वायर जाड केल्याने वायर वाचेल, स्विच वाचणार नाही. ब्लोअर पूर्ण वेगात सुमारे १५ अँपिअर घेतो, क्लचची कॉइल ३ ते ४ आणि कंडेन्सरचा (एसीचा तापलेला वायू निववणाऱ्या जाळीचा) पंखा १० ते १२. म्हणजे एकट्या एसीचा भार ३० अँपिअरच्या आसपास जातो. हा सगळा प्रवाह जुन्या इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कातून नेणे, हेच काळ्या पडलेल्या आवरणाचे कारण आहे. रिले लावल्यास त्याच्या कॉइलला अँपिअरचा जेमतेम पाचवा भाग लागतो, त्यामुळे स्विचवर नाममात्रच ओझे राहते.

माझ्या मते बॅटरीच्या धन टोकापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर काढून बॅटरीजवळच तिला ३० अँपिअरचा फ्यूज द्यावा आणि तीवर ब्लोअर व क्लच हे दोनच रिले चालवावेत. पंख्याला वेगळा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर असावी. ४ चौरस मिलिमीटरच्या ३ मीटर तांब्याच्या वायरीतून २० अँपिअर गेले तर साधारण पाव व्होल्टच घसरण होते, आणि तेवढी चालते. ब्लोअरच्या रिलेची चालना मात्र स्विचच्या अशा टोकावरून घ्या, जे स्टार्टर फिरताना बंद होते. नाहीतर ऐन स्टार्टच्या वेळी ब्लोअरही बॅटरीवर असेल.

क्लचच्या रिलेच्या चालनेची साखळी महत्त्वाची आहे. आधी ब्लोअरचा स्विच, त्यानंतर बाष्पकाच्या (आतली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पातींत नळी खोचलेला थर्मोस्टॅट, त्यानंतर दाबाचा स्विच आणि शेवटी रिलेची कॉइल, असा क्रम ठेवा. ब्लोअर बंद असेल तर क्लच लागता कामा नये, कारण हवा न फिरता कॉम्प्रेसर चालला की बाष्पकावर बर्फ धरतो. दाबाचा स्विच पूर्वीच्या कित्येक एसींना नसेच. तो जरूर बसवा, कारण वायू गळून दाब सुमारे २ बारच्या खाली गेला की तो क्लच तोडतो आणि तेलाविना फिरणारा कॉम्प्रेसर वाचतो.

दिसण्याविषयी: रिले डॅशबोर्डखाली, कप्प्याच्या मागे सहज मावतात. बाहेर ठेवायचेच असतील तर एक्झॉस्टपासून दूर आणि पिना खाली येतील असे बसवा, म्हणजे गाडी धुताना त्यांत पाणी शिरणार नाही.

जुना_वायरमन:
वरील सर्व मान्य आहे, पण हेडलाइट पिवळे पडण्याचे मूळ त्यात नाही. एसीचे ३० अँपिअर, दोन हेडलाइटचे सुमारे ९, टेललाइट, इग्निशन कॉइल आणि वायपर असे सगळे धरले तर बेरीज ४५ ते ५० वर जाते. अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज देणाऱ्या जनित्रावर) लिहिलेली क्षमता इंजिन जोरात फिरत असताना मिळते; सिग्नलवर उभ्या गाडीत ती निम्म्यावर येऊ शकते आणि उरलेली तूट बॅटरी भरते. त्यात क्लच लागला की कार्ब्युरेटरच्या इंजिनाचे फेरे आणखी उतरतात. म्हणून ६५ अँपिअर किंवा त्याहून मोठा अल्टरनेटर पाहा आणि त्यापासून बॅटरीपर्यंतची वायर १० चौरस मिलिमीटरची करा. ही जुनी बारीक वायर तशीच ठेवून नुसता अल्टरनेटर बदलणारे पुष्कळ भेटतात, आणि पुढे तीच वायर जळते. क्लचच्या वायरीवरूनच आयडल, म्हणजे उभ्या गाडीतील इंजिनाचे फेरे, वाढवणारा व्हॅक्यूम सोलेनॉइडही (विजेवरची झडप) चालवता येतो. तो आमच्याकडे चैन समजला जातो, पण या गाडीला तो हवाच.

जुळे_सोलापूरकर:
दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. कंडेन्सरचा पंखा क्लचबरोबर लागावा आणि एसी बंद असताना इंजिन तापले तर रेडिएटरच्या तापमान स्विचनेही लागावा, अशी माझी इच्छा आहे. दोन्ही वायरी एकाच रिलेच्या पिनेला जोडल्या तर चालेल का?

बोनेटखालचा:
तशाच जोडू नका. दोन्हीकडून धन वीज येत असेल, तर तापमान स्विच लागताच ती वीज उलट फिरून क्लचकडे जाईल आणि एसी बंद असताना कॉम्प्रेसर चालू होईल. प्रत्येक वायरीत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एकेक डायोड घालावा, किंवा सरळ दोन रिले वापरावेत. पंख्याची मुख्य वीज इग्निशनच्या वायरीवरून तर मुळीच घेऊ नये; किल्ली बंद केल्यावरही फिरत राहिलेला पंखा जनित्रासारखी वीज मागे देतो आणि इंजिन क्षणभर चालूच राहते.

जुना_वायरमन:
क्लचच्या कॉइलवरही एक डायोड आडवा लावा, म्हणजे क्लच सुटताना उठणारा उच्च व्होल्टेजचा झटका रिलेच्या संपर्कांना जाळणार नाही. त्याची पट्टी असलेली बाजू धन वायरीकडे ठेवायची. उलट लागला तर क्लच जोडताच फ्यूज उडेल. काम झाल्यावर गाडी आयडलवर ठेवून ब्लोअर पूर्ण, हेडलाइट चालू आणि क्लच लागलेला, अशा स्थितीत बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या वर आकडा टिकला तर अल्टरनेटर पुरेसा आहे. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे ब्लोअरच्या अर्थवर (ऋण वायर पत्र्याला जोडलेल्या जागी) ठेवा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर नव्या रंगाखाली अर्थचा बोल्ट पत्र्याला नीट टेकलेला नाही असे समजा; बोल्टखालचा रंग खरवडून तो पुन्हा आवळावा लागेल.