मदत हवी आहे: डासांसाठी गवती चहाचं तेल (घरात दमा आणि लहान बाळ)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. जुना वाडा, मागे मोरी, शेजारच्या गच्चीवर उघडी टाकी. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगून ओसरली की डासांचा नुसता सुळसुळाट.

सासूबाईंना दमा आहे. कॉइल लावली की धाप लागते, कडुलिंबाचा पाला जाळला तरी तेच. धूर कशाचाही असो, त्यांची छाती भरते, पण ‘अहो, हे तर नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांना कोण समजावणार! नणंदेची दीड वर्षाची छकुलीही दिवसभर आमच्याकडेच असते. रात्रीपुरती मच्छरदाणी आहे. अडतंय ते दिवसा. डेंग्यूचा तो पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस नेमका सकाळी आणि उन्हं कलताना चावतो, तेव्हा मच्छरदाणीत कोण बसणार?

कुंडीत गवती चहा (इथली लीली चा) माजलाय. पाती कुटून खोबरेल तेलात मंद आचेवर कढवली, गाळून आधी स्वतःच्याच हातापायाला लावलं. वास असा की चहाचं आधण ठेवावंसं वाटतं. पण भांडी घासून होईस्तोवर डास परत घोट्याशी हजर.

तर जाणकारांनो, सिट्रोनेलाचं तेल याहून जास्त टिकतं का? आणि मांडवीत काष्ठौषधीवाल्याकडे नीलगिरीचं तेल मिळतं, ‘लेमन युकॅलिप्टस’ म्हणतात ते हेच का? शेजारच्या बेन तेलात कापूर घालून बाळाला चोळायला सांगतात, पण माझी हिंमत होत नाही.

प्रतिसाद १:
ताई, कापूर अजिबात नको. लहान मुलांच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येऊ शकतात, आणि हात तोंडात घालायचंच हे वय. सिट्रोनेला गवती चहाच्याच कुळातलं गवत. दोघांचं तेल उडून जाणारं, त्यामुळे तासाभरात जोर ओसरतो. कढवताना तर निम्मं स्वयंपाकघरातच उडतं. नीलगिरी वेगळी. डासांवर चालतं ते लेमन युकॅलिप्टसपासून केलेलं, पीएमडी हा घटक असलेलं तयार औषध. ते बऱ्यापैकी टिकतं, मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही. छकुलीला अंगभर सुती कपडे आणि दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. लावायला काही हवंच असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच आणा.

प्रतिसाद २:
टाकीचं आधी बघा! एडिस मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. मोरीतले डास बहुतेक क्युलेक्स या दुसऱ्या जातीचे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायचं. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. गवती चहा आता चहातच. कुंड्यांखालच्या ताटल्या आजच काढल्या. शेजारच्या काकांची टाकी मात्र जुनी, सिमेंटची, झाकण कधीचंच फुटलेलं. ‘चालसे’ म्हणून टाळतात. अशा टाकीच्या तोंडावर जाळी बसवून घेतली आहे का कुणी? डास शिरणार नाहीत इतकी बारीक कुठली घ्यायची?