विषय: ताटं! शनिवारपर्यंत ठरवा

कोठी, टिळकवाडी:
मंडळी, खडेबाजारातला दुकानदार शनिवारपर्यंतच थांबतो म्हणालाय. मंडळासाठी स्टीलची जेवणाची ताटं, दीडशे नग. नमुने ऑफिसात कपाटावर ठेवलेत. पाच कप्प्यांचं २४ गेजचं, चार कप्प्यांचं २२ चं. भाव किलोवर. गेजचा आकडा कमी तेवढा पत्रा जाड, म्हणजे २२ चं जड आणि महागच पडणार. बघून कळवा. मागच्या वेळेसारखं आयत्या वेळी नको.

शहापूरच्या वहिनी:
अण्णा, घरून मुद्दाम भाकरी घेऊन गेले होते. पाचवाल्याच्या मोठ्या कप्प्यात ती बसत नाही, चार बोटं बाहेर. मोडून ठेवली तर पापुद्रा आमटीत. आणि आमटीचा कप्पा एवढा उथळ की ताट उचललं की आमटी थेट श्रीखंडात. कोजागिरीला भाड्याच्या ताटांत हेच झालं होतं, माझ्या इरकलीवर डाग अजून आहे. साधी गोल ताटं आणि दोन-दोन वाट्या घ्या की.

वडगावचे काका:
वहिनी, वाट्या म्हणजे तीनशे नग जादा. मोजणार कोण? गेल्या खेपेला रात्री साडेबारापर्यंत मी एकटा मोजत बसलो होतो, सव्वीस कमी भरल्या. कप्प्याच्या ताटातनं हरवायला काही नसतं. फक्त ओली एकात एक रचू नका, चिकटून बसतात आणि उघडली की कुबट वास मारतात.

अनगोळ:
चुंबक लावून बघितलं का? चिकटलं तर घेऊ नका.

वडगावचे काका:
उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीत काढलीत, चुंबकाचं मला सांगू नका. ३०४, २०२, ४३० हे स्टीलच्या जातींचे नंबर. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसं २०२ लाही चिकटत नाही. चिकटतं ते ४३०. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून स्वस्त. आपलं चिंचेचं सार, लिंबू, मीठ रात्रभर तसंच राहिलं की ठिपके आधी २०२ वर पडणार. बिलावर ‘३०४’ लिहून द्या म्हणावं. लिहायला कां-कूं करायला लागला की काय ते समजा.

मस्कतहून:
एवढा खल कशाला? आम्ही इथं फॉइलची आणतो, जेवण झालं की टाकून देतो. किंवा थर्माकोल.

निपाणीच्या आक्का:
थर्माकोलच्या प्लेटी १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, दादा. टाकायचीच तर शिरसीकडची सुपारीच्या पानाची आणा. पण दरवर्षी पैसे कुठनं? तिकडचं तिकडं ठेवा.
माझं म्हणणं वेगळंच आहे. पाचवाल्यात बारके कप्पे सगळे वरच्या बाजूला. चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं, हे वाढपी पोरांना शिकवायला माझी दोन वर्षं गेली. आता ते सगळं ताटच ठरवणार?

खानापूर:
नाव कोरून घेताय ना? ‘बेळगाव’ घाला.

अनगोळ:
१ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री ‘बेळगावी’ आहे. उगाच कटकट नको.

खानापूर:
ताट कागद नव्हे.

कोठी, टिळकवाडी:
नुसतं ‘म. मं.’ कोरूया. अक्षरं कमी, पैसे कमी.

खानापूर:
मग महिला मंडळवाले आपली म्हणून उचलून नेतील. परवा कढई नेलीच की.

शहापूरच्या वहिनी:
कढई आम्ही मागून नेली होती, वहीत लिहिलंय. भाकरीचं काय झालं?

कोठी, टिळकवाडी:
चारवालं, २२ चं. काका बिल बघतील. वहिनी, शनिवारी अकराला दुकानात या, येताना भाकरी घेऊन या. नाचणीची नको, मोडते. ज्वारीची.