पेरुमाल मुरुगन: वादाच्या आधीचं लेखन

'मादोरुबागन' या कादंबरीवरून वाद झाला म्हणून तमिळ कादंबरीकार पेरुमाल मुरुगन मोठे झाले, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ती कादंबरी आली २०१० मध्ये, तिच्यावर आक्षेप घेऊन गदारोळ झाला २०१४ च्या शेवटी, आणि त्यांची पहिली कादंबरी १९९१ ची आहे, म्हणजे त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस तमिळमध्ये गुपचूप लिहीतच होता ना!

अजून एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्यांचे वडील शेती सांभाळून तमिळनाडूतल्या तिरुचेनगोड गावच्या एका सिनेमा थिएटरात सोडा विकायचे आणि 'निळल मुट्रम' नावाच्या कादंबरीत तेच जग आलंय, थिएटरात सोडा विकणारी गरीब पोरं, त्यांची उपासमार, सगळं आतून बघितलेलं. मी ती इंग्रजीतून वाचली आणि खरं सांगतो, गाजलेल्या पुस्तकापेक्षा हीच जास्त लागली मला. शिवाय कोंगू भागातल्या (पश्चिम तमिळनाडूतल्या) बोलीचा शब्दकोश केलाय त्यांनी, एकट्याने, तोही २००० च्या सुमारास. 'मादोरुबागन'च्या वादात २०१६ मध्ये मद्रास हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला हे फार चांगलं झालं, पण वाचायला सुरुवात प्लीज जुन्या कादंबऱ्यांपासून करा.